पेव सतरा, माणूस नाही

उत्तरा आवटीला कुणी काही विचारलेलं आवडत नसे. कुठं निघालीस, कधी येणार, बरोबर कोण आहे, जेवलीस का, आणि जेवली नसशील तर का नाही. मिरजेच्या ज्या घरात ती वाढली तिथं माणसं श्वास घ्यावा इतक्या सहज चौकशा करत. पुढं ती संगणकाची इंजिनिअर झाली आणि तिनं जी यंत्रणा बांधली तिचं ब्रीदच होतं, 'विचारू नका, आम्ही सांगू.' लोक म्हणायचे, बाईंना काय दूरदृष्टी आहे. दूरदृष्टी कसली, लहानपणची चीड होती ती.

यंत्रणेचं नाव तिनं 'सांगावा' ठेवलं होतं. त्याआधी बहुतेक यंत्रं एकमेकांशी बोलायची ती एसटी स्टँडवरच्या उतावळ्या प्रवाशासारखी. घडीघडी खिडकीशी जायचं, गाडी लागली का विचारायचं, नाही म्हटलं की मागं फिरायचं आणि बाकावर टेकतोय न टेकतोय तोच पुन्हा उठायचं. असे हजार प्रवासी जमले की खिडकीतला माणूस नुसतं 'नाही' म्हणूनच दमतो. उत्तरानं हे उलटं केलं. मध्ये एक सर्व्हर बसवला आणि प्रत्येक यंत्राची त्याच्याशी एक लाइन कायमची उघडी ठेवली, फोन उचलून कानाला लावून ठेवावा तशी. या उघड्या लाइनीला सॉकेट म्हणतात आणि पलीकडच्या यंत्राला क्लायंट. बातमी आली की सर्व्हर आपण होऊन ती त्या लाइनीत ढकलतो. बातमी नसली की गप्प बसतो. लाइन मेली तर नाही ना, एवढ्यासाठी अधूनमधून 'आहेस का?' म्हणतो आणि क्लायंट 'हूं' म्हणतो, गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा तसा.

काही बदललं तरच सांगायचं, हा सांगाव्याचा पहिला नियम. किती बदललं तर सांगायचं, हा दुसरा. आणि उत्तराच्या जिवावर बेतलं ते या दुसऱ्या नियमामुळं.

सांगाव्याचं पहिलं मोठं काम होतं हरिपूरच्या पेवांचं. सांगलीहून चिंचेच्या झाडांखालून जाणारा रस्ता जिथं नदीशी संपतो, तिथं पूर्वी हळदीची पेवं असत. पेव म्हणजे पांढऱ्या चिवट मातीत खणलेलं भुईखालचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली घागरीसारखं पोट. आतली हवा कोंडलेली असते, त्यामुळं हळदीला कीड लागत नाही. पण तीच हवा माणसाचाही जीव घेते. म्हणून जुन्या लोकांचे तीन दंडक होते. आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही. एकट्यानं कधीच उतरायचं नाही. आणि आत लक्ष्मी असते, तेव्हा अंगावर चामड्याचं काही ठेवून उतरायचं नाही.

मधल्या काळात पेवं बुजली होती. पण उन्हाळे असे भाजायला लागले की शीतगृहं परवडेनाशी झाली, आणि लोकांना आपल्या आजोबांची अक्कल आठवली. नवी पेवं खणली. आत गोल भिंतीला पोत्यांच्या थप्प्या, मध्ये उतरायला लोखंडी शिडी, तळाला जाळीची फरशी आणि तिच्याखाली वजनकाटा. इथेनॉलच्या कारखान्यातून वाया जाणारा कार्बन डायऑक्साइड नळानं आणून जाळीखालून सोडायची सोय केली. तोंडावर आपोआप मिटणारं पोलादी झाकण बसवलं, त्यावर पत्र्याची खोली. ओल, उष्णता, वजन, वायू, सगळ्याचे आकडे सांगाव्याकडं जात आणि सांगावा ते मालकांच्या फोनवर ढकली.

पहिल्याच महिन्यात पेव-मालक संघाचे अध्यक्ष बसगोंडा अण्णा तिच्यापुढं फोन आपटून बसले. "म्याडम, आत मांजर शिंकलं तरी ह्यो वाजतोय बघा. रात्री बायको म्हणती, एकतर फोनला ठेवा नाहीतर मला."

त्यांचं चुकत नव्हतं. पोती हवेतली ओल पीत, परत सोडत, आणि एकेका माणसाइतकं वजन नुसतं असंच वरखाली होई. तेव्हा उत्तरानं एक उंबरठा ठरवला. दोन माणसांच्या वजनापेक्षा कमी फरक पडला तर तो फरकच नव्हे. पेवात एकटं कुणी उतरतच नाही, तेव्हा आत माणूस आहे हे वजनावरून कळेलच, आणि नाहीच कळलं तर मनगटावरच्या पट्ट्यावरून कळेल. पट्टे तोवर सगळ्यांच्याच हातात आले होते. अण्णांचा फोन शांत झाला. त्यांनी पेढे पाठवले.

आत भिंतीवर एक छोटा पडदा होता, कामगारांना आकडे दिसावेत म्हणून. पूर्वी त्याला बटणंही होती. पण एका टवाळ हमालानं आतून 'पेव पेटलं' असा निरोप धाडला आणि अर्धी सांगली बंब घेऊन धावली. त्या दिवशी उत्तरानं बटणं काढून टाकली. आतल्या क्लायंटला कान ठेवले, तोंड काढून घेतलं.

मग सांगावा घरोघर गेला. कोण पोचलं, कोण निघालं, कुणाला ताप आला, पट्टा सगळं सांगे, तेही उंबरठ्याच्या वरचं असेल तरच. लोकांना बरं वाटलं. मुलं आईवडिलांना फोन करून 'कशी आहेस' विचारेनाशी झाली, कारण बरी नसती तर कळलंच असतं. उत्तराचा नवरा धैर्यशील हळदीचा व्यापारी, जात्याच बोलका. लग्न झालं तेव्हा तोही सारखा विचारी. एकदा ती त्याला म्हणाली होती, तू विचारतोस तेव्हा मला पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतं. तो हसला होता. पण सांगावा घरात आल्यावर त्यानं विचारणं खरंच सोडलं. पट्ट्यावर 'उत्तरा: ठीक' असं दिसे, तेवढ्यावर तो भागवी. घर कसं छान शांत झालं, असं ती मैत्रिणींना सांगत असे.

त्या रविवारी ती हरिपूरला एकटी आली, कारण तिला शंका आली होती आणि ती कुणाला सांगायची नव्हती. सतराव्या पेवातला माल धैर्यशीलचा होता. आकडे चाळता चाळता तिच्या लक्षात आलं होतं की आतली ओल गेले कित्येक महिने रोज कणाकणानं वाढतेय आणि सांगाव्यानं चकार शब्द काढलेला नाही. सांगावा आताचा आकडा मघाच्या आकड्याशी ताडून बघे. फरक जुजबी दिसला की सोडून देई. गवळी रोज दुधात चमचाभर पाणी जास्त घालत गेला तर ज्या त्या दिवशी दूध कालच्यासारखंच लागतं, तसं हे होतं. चूक तिची होती, माल नवऱ्याचा होता, आणि आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, मग बोलावं, अशा विचारानं ती घरातून काही न बोलता निघाली. धैर्यशील कलिंगड कापत बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि काही विचारलं नाही.

पत्र्याच्या खोलीचं कुलूप तिनं उघडलं आणि मागं दार लोटून घेतलं. पेवाचं झाकण उघडंच होतं. कंदिलाच्या जागी आता आतला पडदा होता आणि त्यावर हवा चांगली दिसत होती. एकटीनं उतरू नये हे तिला माहीत होतं, पण बरोबर माणूस न्यायचा म्हणजे त्याला कारण सांगणं आलं. चपला मात्र तिनं काढल्या. हातातला पट्टाही काढला, कारण त्याला चामड्याचा बंद होता, धैर्यशीलनं वाढदिवसाला मुद्दाम बसवून घेतलेला. तीन दंडकांपैकी तिनं नेमका तिसरा पाळला. पाण्याची बाटली खांद्याला अडकवून ती शिडीनं खाली गेली.

तळाशी वाकून तिनं एक पोतं उसवलं आणि हळदीचं हळकुंड मोडून पाहिलं. ते कटकन मोडायला हवं होतं, ते वाकलं. आतून बुरशीचा वास आला. शंका खरी ठरल्याचं दुःख आणि आपण बरोबर होतो याचा किंचित आनंद, दोन्ही तिला एकदमच झाले. तेवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली आणि झाकण सरकत सरकत मिटलं. उष्म्याचा इशारा आला होता. पारा ठरावीक रेषेवर गेला की सांगावा सगळ्या पेवांना 'बंद' ढकली, इशारा संपला की 'उघड', आणि झाकण मिटताना शिट्टी वाजे ती बाहेरच्यांचे हात सापडू नयेत म्हणून.

अंधारात पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'पेव सतरा. माणूस नाही. झाकण बंद. वायू: सायंकाळी.'

ती आधी हसली. आपणच लिहिलेलं वाक्य आपल्यालाच वाचायला मिळतंय याची गंमत वाटली. मग ती शिडी चढून गेली आणि झाकणाला खालून हात लावला. आतून उघडायची कडी नव्हती, कारण आत कुणी नसतानाच ते मिटतं हे गृहीत होतं. तिनं थापा मारल्या, ओरडली. वर बंद खोली, बाहेर भर दुपारचं ऊन, रविवार. आवाज त्या मातीच्या पोटात फिरून तिच्याच कानाशी आला.

मग ती खाली येऊन बसली आणि आपल्याच यंत्रणेत फट शोधायला लागली. पडदा फोडला तर? हुंकार थांबेल. पण हुंकार थांबलेल्या क्लायंटची शेवटची स्थिती सांगावा जपून ठेवतो आणि तीच सगळ्यांना सांगत राहतो, आणि शेवटची स्थिती होती 'माणूस नाही'. फरशीवर उड्या मारल्या तर? रस्त्यानं उसाचा ट्रक गेला तरी काटा हलायचा, म्हणून तिनंच धक्के गाळून टाकले होते. पट्टा वर खोलीत चपलेशेजारी पडला होता. पण पट्टा काढला म्हणजे आंघोळ, झोप, स्वयंपाक. त्याचा गवगवा करायचा नाही हेही तिनंच ठरवलं होतं. तिच्या श्वासानं आतली ओल वाढत होती, पण तीही हळूहळू, म्हणजे ज्या चुकीसाठी ती इथं आली होती त्याच चुकीत ती आता स्वतः बसली होती. जिकडं जावं तिकडं एक दार, आणि प्रत्येक दार तिनंच नीट, विचार करून, लोकांच्या सोयीसाठी लावलेलं.

पडद्यावरची अक्षरं बदलली. उष्म्याचा इशारा उद्यापर्यंत वाढवला होता. म्हणजे झाकण संध्याकाळी उघडणार नव्हतं, वायू मात्र यायचा होता.

तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. पोत्याला टेकून बसली आणि तिच्या मनात आलं की आता कुणीतरी विचारायला हवं, उत्तरा कुठंय म्हणून. फक्त एकानं, एकदा. आणि मग तिनं एकेक माणूस आठवून पाहिला आणि तिला कळलं की कुणीच विचारणार नाही. धैर्यशील विचारणार नाही. त्याला दिसत असेल, 'उत्तरा: ठीक'. आपल्या दोघांतही असंच झालं, तिला वाटलं. रोज थोडं कमी बोललो. कालच्यापेक्षा आज काही फारसं कमी नव्हतं, म्हणून कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिला त्याची इतकी आठवण आली की तिला स्वतःचंच नवल वाटलं. मघाशी त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडात प्रश्न होता. तिनं तो पाहिला होता आणि चपला घातल्या होत्या.

एक वाट होती. ओलीचा आकडा हळूहळू वाढला तर सांगाव्याला कळत नसे, पण एकदम उडाला तर कळे. तळाशी, जाळीजवळ, ओल मोजणारी काडीएवढी नळी होती. तिच्यावर बाटलीतलं पाणी टाकलं की आकडा उसळी घेणार आणि 'सतराव्यात ओल शिरली' ही बातमी मालाच्या मालकाकडं, म्हणजे धैर्यशीलकडं जाणार. पण सांगावा नुसता सांगत नसे, उपायही करी. पाणी शिरलं तर बुरशी धरू नये म्हणून तो त्याच क्षणी वायू सोडी. संध्याकाळची वाट न बघता, आत्ता.

गप्प बसली तर संध्याकाळपर्यंत हवा होती. बोलली तर लगेच संपायला लागणार होती. आणि बोलून तरी काय, धैर्यशीलला दिसणार, 'ओल वाढली. उपाय सुरू.' तो म्हणणार, वा, काय यंत्रणा केलीये आमच्या बाईंनी, आणि कलिंगड खाणार. नुसत्या बातमीनं तो उठणार नव्हता. बातमीत ती असायला हवी होती.

तिनं बराच वेळ विचार केला, आणि मग तिला मिस्ड कॉल आठवले.

कॉलेजात असताना दोघांच्याही फोनमध्ये कधी बॅलन्स नसे. शेवटच्या गाडीनं ती सांगलीला उतरे. फोन लावायचा, वाजू द्यायचा, त्यानं उचलायच्या आत तोडायचा. लागोपाठ दोनदा वाजला तर 'पोचले, काळजी करू नको.' दोनदा वाजून, थोडं थांबून आणखी एकदा वाजला तर 'न्यायला ये.' एक शब्द बोलायचा नाही, कुणी काही विचारायचं नाही आणि तरी सगळं कळायचं. सांगाव्याची कल्पना तिला सुचली ती खरं तर तिथंच. एकच बातमी लागोपाठ आली तर ती एकदाच सांगावी, असं बसगोंडा अण्णांचं गाऱ्हाणं वर्षभर पडून होतं. ते काम तिनं आळसानं पुढं ढकललं होतं. त्या आळसाला तिनं मनोमन हात जोडले.

तिनं ओढणी उलगडली, नळीवर पाणी टाकलं आणि पडद्याकडं पाहिलं. 'ओल वाढली. उपाय सुरू.' जाळीखालून सूं असा बारीक आवाज यायला लागला. तिनं नळी ओढणीनं घासून कोरडी केली. आकडा उतरला; चांगली बातमी सांगाव्यानं कुणाला ढकलली नाही, तो नियमच होता. तिनं दुसऱ्यांदा पाणी टाकलं. 'ओल वाढली.' पुन्हा पुसलं.

आता थांबायचं होतं. लगेच तिसऱ्यांदा केलं तर ते नुसते तीन ठोके झाले असते, त्याला अर्थ नव्हता. आणि इथंच थांबलं तर त्याला जे कळलं असतं ते होतं, पोचले, काळजी करू नको.

ती शिडी चढून झाकणाखाली जाऊन बसली. हा वायू हवेहून जड असतो. विहिरीला पाणी चढावं तसा तळापासून वर येतो. तो दिसत नाही, पण खालून नाकाला सोड्याच्या बाटलीसारखी झिणझिणी येत होती. वर डोकं ठेवलं तर अजून बराच वेळ श्वास घेता आला असता. नळी खाली होती, त्या न दिसणाऱ्या पाण्यात. खाली पुन्हा जाऊ नये असं तिच्या अंगातला प्रत्येक स्नायू सांगत होता. कॉलेजात ती त्या मधल्या वेळात मनातल्या मनात धैर्यशीलला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारायची, आडनावासकट, सावकाश. तेवढं थांबणं पुरे असायचं. तिनं तशी हाक मारली. मग छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि ती उतरली.

तळाशी डोळे चुरचुरले. बाटलीचं झाकण हातातून निसटलं, थोडं पाणी भलतीकडं गेलं. उरलेलं तिनं नळीवर ओतलं. पडद्यावर अक्षरं आली की नाही हे बघायला ती थांबली नाही. वर चढताना अर्ध्या वाटेत तिनं चुकून श्वास घेतला आणि आतून कुणीतरी डोक्यावर घण घातल्यासारखं झालं. शिडीच्या शेवटच्या पायरीला तिनं ओढणीनं स्वतःचा दंड बांधून घेतला, भोवळ आली तरी खाली पडू नये म्हणून.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. खाली हिरवा उजेड होता. तिची धाप वाढत गेली. धैर्यशीलवर मधूनच राग आला की हा अजून कसा येत नाही, आणि मधूनच वाटलं की का यावं त्यानं. आपण त्याला यायला कधी शिकवलंच नाही. झाकणाच्या पोलादाला कपाळ लावून ती बसून राहिली. पोलाद गरम होतं.

मग वर काहीतरी आपटलं. बाहेरच्या बाजूला झाकणाचं हातचाक असतं, शिसं लावून मोहोरबंद केलेलं. ते शिसं तोडल्याचा, चाक करकरल्याचा आवाज झाला. झाकण बोटभर सरकलं आणि त्या फटीतून उजेडाच्याही आधी प्रश्न आत आला.

"उत्तरा? आहेस का?"

बोलायला हवा नव्हती.

"हूं," ती म्हणाली.

त्यानं तिला काखेत हात घालून वर ओढलं. पत्र्याच्या खोलीत, चपलांशेजारी, ती कितीतरी वेळ नुसता श्वास घेत पडून राहिली आणि तो तिच्या पायांचे तळवे चोळत राहिला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. उघड्या तोंडातून खाली पडदा दिसत होता. त्यावर अजून तेच होतं, 'माणूस नाही.' आता ते खरं होतं.

गार व्हायला ठेवलेल्या कलिंगडाच्या फोडी ताटात मांडताना फोन दोनदा वाजला, असं त्यानं नंतर सांगितलं. त्यानं वाचलं, उपाय सुरू आहे म्हणून बाजूला ठेवला. का कोण जाणे, उलट बरंच वाटलं त्याला. मग थोड्या वेळानं तिसऱ्यांदा वाजला आणि बातमी वाचायच्या आत त्याचा हात स्कूटरच्या किल्लीकडं गेला होता. हात आधी, डोकं नंतर. दारात थांबून त्यानं सांगाव्याला तिचं नाव घालून पाहिलं. 'ठीक' असं आलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा 'ठीक'.

"ठीक म्हणजे काय असतं, ते मी लग्न झाल्यापासून तुझ्या तोंडून ऐकतोय," तो म्हणाला. "म्हटलं, हे काय खरं न्हाई."

ती रडली. तो घाईघाईनं गप्प झाला, कारण आपण जास्त बोललो असं त्याला वाटलं. तिला त्याचं ते गप्प होणं बघवेना. तिनं त्याचा हात धरला आणि सांगितलं, विचार. त्याला कळेना काय विचारायचं. ती म्हणाली, तुला जे विचारायचं होतं ते सगळं.

आधी तो चाचरला. मग त्यानं विचारलं, एकटी का उतरलीस. तिनं सांगितलं. मला का नाही सांगितलंस. तेही सांगितलं, लाज वाटली म्हणून. माल गेला का. अर्धा तरी गेला असेल. डोकं दुखतंय का. हो. भीती वाटली होती का. हो, फार. सकाळी जेवली होतीस का. नाही. का नाही. मग तो सुटलाच. मागच्या दिवाळीत माळ्यावर एकटी जाऊन का बसली होतीस, आईचं घर विकलं तेव्हा काहीच का बोलली नाहीस, रात्री जागी असतेस तेव्हा कसला विचार करतेस. पत्रा तापून तडतडत होता. ती एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, काही उत्तरं तिलाही नवी होती.

शेवटी त्याचे प्रश्न संपले. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि बाहेर स्कूटरकडं पाहिलं, निघू या का म्हणून.

"थांब," उत्तरा म्हणाली. "अजून विचार."